खवट तेल ते मधुमेह : एका कल्पनेचा प्रवास

काही महिन्यांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही ऑक्सिडीकरण या विषयावर बोललो. व्याख्यान संपल्यावर एक बाई पुढे आल्या. त्यांच्या यजमानांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. पिशवीतून त्यांनी कॅप्सूलचा एक डबा काढला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट' असे छापले होते. "सर, ऑक्सिडीकरणामुळे पेशींची हानी होते आणि मधुमेहात ती जास्त होते, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत. मग या सुरू केल्या तर डॉक्टरांच्या गोळ्या कमी करता येतील ना?" आम्ही "नाही" म्हणालो. त्यांनी लगेच विचारले, "का नाही?" पुढच्या तासाची वेळ झाली होती, त्यामुळे दोन मोघम वाक्ये बोलून आम्ही सुटका करून घेतली.

नंतर मात्र चुटपुट लागून राहिली. बाईंचा तर्क वेडगळ नव्हता. जगातल्या नामवंत संशोधकांनी कितीतरी वर्षे नेमका हाच तर्क केला होता आणि तो तपासून पाहण्यासाठी हजारो माणसांवर चाचण्या घेतल्या होत्या. त्या 'का नाही'चे उत्तर या इतिहासात आहे. म्हणून तो जरा सविस्तर सांगावा म्हणतो.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. दिवाळीच्या चकल्यांचा डबा महिन्या-दीड महिन्याने उघडला की खवट वास येतो. तेलातील असंतृप्त मेदाम्लांवर हवेतील ऑक्सिजनची क्रिया होऊन जे लहान लहान रेणू तयार होतात, त्यांचा हा वास. ही क्रिया बराच काळ चालली आहे असे कळतही नाही आणि मग एकदम वेग घेते. कारण ती साखळी अभिक्रिया असते. रेणूमध्ये इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. एखाद्या रेणूत किंवा अणुगटात एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा उरला, तर त्याला मुक्त मूलक म्हणतात. हा मूलक शेजारच्या रेणूतील हायड्रोजनचा अणू हिसकावून घेतो. स्वतः शांत होतो, पण शेजाऱ्याला मूलक करून सोडतो. शेजारी पुढच्याला गाठतो, आणि असेच चालू राहते.

ही साखळी तोडता येते हे लक्षात आले ते पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. कढईत तेल फार तापले की डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो, त्यात अ‍ॅक्रोलिन नावाचे द्रव्य असते. फ्रान्समध्ये ते विषारी वायू म्हणून वापरण्याचा प्रयत्न चालू होता. पण साठवून ठेवले की त्याचा निरुपयोगी राळेसारखा पदार्थ होई. शार्ल मूरो आणि शार्ल द्युफ्रेस या रसायनशास्त्रज्ञांना असे आढळले, की हायड्रोक्विनोनसारखे फिनॉल वर्गातील द्रव्य अगदी चिमूटभर घातले तरी अ‍ॅक्रोलिन टिकते. हे द्रव्य आपला हायड्रोजन मूलकाला देऊन टाकते. त्यातून जो नवा मूलक तयार होतो तो इतका थंड असतो, की तो पुढे कोणाच्या वाटेला जात नाही. साखळी तिथेच संपते. १९२२ साली त्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केले. प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांच्या अभ्यासाचा पाया इथे घातला गेला. पुढची काही वर्षे या द्रव्यांचे गिऱ्हाईक म्हणजे रबर, पेट्रोल आणि खाद्यतेलाचे कारखानदार. वैद्यकाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

योगायोग असा, की १९२२ सालीच कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना उंदरांच्या प्रजननासाठी आवश्यक असा एक अज्ञात अन्नघटक सापडला. तेच 'ई' जीवनसत्त्व. ते १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून शुद्ध रूपात वेगळे केले गेले, आणि ते तेलांना खवट होण्यापासून वाचवते हे पुढच्याच वर्षी दिसून आले. आणखी एक योगायोग : ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या मधुमेही मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. या तीन गोष्टी कधी एकाच प्रकरणात येतील, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

त्या एकत्र येण्याची सुरुवात झाली दुसऱ्या महायुद्धात, ग्लासगो शहरी. बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या माणसांपैकी काहींची मूत्रपिंडे नंतर निकामी होत. याचे कारण शोधताना डन, शीहान आणि मॅकलेची हे तिघे सशांना निरनिराळी रसायने टोचून पाहत होते. त्यांपैकी एक होते अ‍ॅलॉक्सन. यूरिक आम्लापासून बनणारे हे द्रव्य रसायनशास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत होते. त्याचा मूत्रपिंडावर काय परिणाम होतो हे पाहायचे होते. पण विच्छेदनात दिसले ते भलतेच. स्वादुपिंडातील लँगरहान्सची द्वीपके, म्हणजे जिथे इन्सुलिन तयार होते त्या पेशींचे पुंजके, मरून पडले होते. आजूबाजूच्या पेशी मात्र जवळजवळ धडधाकट. १९४३ साली हा शोध 'लान्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. जे प्राणी वाचत, त्यांना मधुमेह होई. प्राण्याला मधुमेही करण्यासाठी तोवर स्वादुपिंड कापून काढावे लागे. आता एक इंजेक्शन पुरेसे झाले.

अ‍ॅलॉक्सन नेमक्या याच पेशी का मारते? याचा उलगडा व्हायला काही दशके लागली. अ‍ॅलॉक्सनच्या रेणूची ठेवण ग्लुकोजसारखी असते, त्यामुळे ग्लुकोजच्या दारानेच ते बीटा पेशीत शिरते. आत त्याचे क्षपण होते, मग पुन्हा ऑक्सिडीकरण, पुन्हा क्षपण. या प्रत्येक फेरीत सुपरऑक्साइड हा मुक्त मूलक आणि त्याच्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. यकृताच्या पेशीतही अ‍ॅलॉक्सन शिरते, पण तिच्याजवळ ही द्रव्ये नष्ट करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, भरपूर असतात. बीटा पेशीजवळ ती फारच थोडी. इन्सुलिन बनवणारी पेशी शरीरातल्या अगदी दुबळ्या शिपायांपैकी एक आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पण हे सगळे कळण्याच्या फार आधी, १९४६ साली, अमेरिकेतील अर्नॉल्ड लाझारो याने एक साधा प्रयोग केला. अ‍ॅलॉक्सन टोचण्याआधी त्याने उंदरांना ग्लुटाथायोन किंवा सिस्टीन दिले. ही दोन्ही गंधकयुक्त द्रव्ये स्वतः सहज ऑक्सिडीकृत होतात. उंदरांना मधुमेह झाला नाही. प्रतिऑक्सिडीकारक द्रव्याने मधुमेह टाळता येतो याचा हा पहिल्या काही पुराव्यांपैकी एक.

इथे थोडे थांबले पाहिजे. विद्यार्थिदशेत आम्हीही अ‍ॅलॉक्सनचे उंदीर सांभाळले आहेत, आणि अमुक पानाचा अर्क दिला की त्यांची रक्तशर्करा उतरते हे पाहून हरखलोही आहोत. पण अ‍ॅलॉक्सन काही मिनिटांतच रक्तातून नाहीसे होते. लाझारोचे औषध आधी दिलेले होते. चोर येण्यापूर्वी लावलेली कडी होती ती. माणसाचा मधुमेह असा एका क्षणी, एका विषाने होत नाही. लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशींवर उलटते. मोठेपणी सर्रास आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात आणि बीटा पेशी वर्षानुवर्षे थकत जातात. उंदराच्या पिंजऱ्यातून निघालेले उत्तर माणसाच्या प्रश्नाला जसेच्या तसे लावणे हा या इतिहासात वारंवार झालेला घोटाळा आहे.

शरीरात नेहमीच्या व्यवहारातही मुक्त मूलक तयार होतात, ही कल्पना सहजासहजी स्वीकारली गेली नाही. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी असे मांडले, की अतिरिक्त ऑक्सिजनची बाधा आणि क्ष-किरणांची बाधा या दोन्हींचे मूळ मुक्त मूलकांत आहे. दोन वर्षांनी डेनहॅम हार्मनने वार्धक्यही त्यांच्याच माथी मारले. बहुतेकांनी दुर्लक्ष केले. १९६९ मध्ये मात्र चित्र पालटले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड नष्ट करणारे विकर शोधले. गंमत म्हणजे ते प्रथिन १९३८ पासून सर्वांना माहीत होते. त्यात तांबे असते, म्हणून ते तांबे साठवण्याचे कोठार असावे अशी समजूत होती. प्राणवायूवर जगणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जीवात हे विकर आढळू लागले. घराघरात कुलूप दिसले तर गावात चोर असलेच पाहिजेत, हा युक्तिवाद लोकांना पटला.

दुसरीकडे मधुमेहाच्या संशोधकांना एक वेगळे कोडे सोडवायचे होते. इन्सुलिनमुळे रुग्ण जगू लागले, पण दहापंधरा वर्षांनी त्यांचे डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू बिघडत. रक्तातली साखर इथे नेमके काय करते? १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा अंश वाढलेला दिसला. तो म्हणजे ग्लुकोज चिकटलेले हिमोग्लोबिन. आज तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी जी 'एचबीए१सी' तपासणी होते, ती याच शोधावर आधारलेली आहे. साखर प्रथिनांना चिकटून त्यांची नासाडी करते, हे एक उत्तर झाले. अशी आणखीही तीन उत्तरे पुढे आली. २००० आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राउनली यांनी या चारांना एका सूत्रात ओवले. डोळ्याच्या पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांच्या पेशींना ग्लुकोजचे दार आवळून घेता येत नाही. रक्तात साखर वाढली की आतही वाढते. पेशीचे वीजघर म्हणजे तंतुकणिका. इंधन जास्त झाले की तिच्यातून सुपरऑक्साइड अधिक निसटते, आणि त्या चारही वाटा इथून फुटतात, असा त्यांचा सिद्धांत.

म्हणजे प्रशिक्षण वर्गातल्या बाईंचे पहिले वाक्य बरोबर होते. मधुमेहात मुक्त मूलकांमुळे हानी होते. मधुमेहींच्या रक्तात प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये कमी आढळतात. १९८०च्या दशकातल्या पाहण्यांत असेही दिसत होते, की भाज्या आणि फळे भरपूर खाणाऱ्यांना हृदयविकार आणि कर्करोग कमी होतात. भाज्या-फळांत 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वे व बीटा कॅरोटीन असते. मग तीच गोळीत भरून दिली तर? लायनस पॉलिंगसारख्या नोबेलविजेत्याने १९७० मध्ये 'क' जीवनसत्त्वाचा सर्दीवर उपाय म्हणून हिरिरीने पुरस्कार केला होता, त्यामुळे गोळ्यांना प्रतिष्ठा होतीच. तर्काच्या साखळीत एकही कडी निसटलेली दिसत नव्हती.

पहिला धक्का फिनलंडमधून आला. तिथल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत विभागून कोणाला बीटा कॅरोटीन, कोणाला 'ई' जीवनसत्त्व, कोणाला दोन्ही, तर कोणाला नुसती दिखाऊ गोळी देण्यात आली. १९९४ मध्ये निष्कर्ष हाती आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर झाला नाहीच, उलट १८ टक्क्यांनी वाढला. दोन वर्षांनी तशाच एका अमेरिकी चाचणीत पुन्हा तेच दिसले आणि ती मुदतीआधी थांबवावी लागली.

मधुमेहींच्या बाबतीत निर्णायक ठरली ती 'होप' नावाची चाचणी. मूळचे केरळचे आणि कॅनडात काम करणारे सलीम युसूफ हे तिचे एक सूत्रधार. तिची रचना वर्गात सांगण्याजोगी आहे. हृदयविकाराचा धोका असलेली, पंचावन्न वर्षांवरची सुमारे साडेनऊ हजार माणसे. प्रश्न दोन : रॅमिप्रिल हे रक्तदाबावरचे औषध उपयोगी पडते का, आणि रोज ४०० एकक 'ई' जीवनसत्त्व उपयोगी पडते का? दोन वेगळ्या चाचण्या घेण्याऐवजी सर्वांचे चार गट केले. एकाला दोन्ही, दुसऱ्याला फक्त रॅमिप्रिल, तिसऱ्याला फक्त 'ई', चौथ्याला दोन्ही दिखाऊ. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. सहभागींपैकी ३,६५४ जण मधुमेही होते. सुमारे साडेचार वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा रॅमिप्रिलचा फायदा इतका स्पष्ट होता की चाचणीचा तो भाग लवकर आटोपता घेण्यात आला होता. 'ई' जीवनसत्त्वाने मात्र काहीही फरक पडला नव्हता. हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडाचा बिघाड, कशातही नाही. मधुमेहींचे हे निष्कर्ष २००२ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले.

आम्हाला या चाचणीची जमेची बाजू वाटते ती रॅमिप्रिल. एखाद्या प्रयोगात 'फरक आढळला नाही' असे उत्तर आले की शंका येते, की प्रयोगच कच्चा असेल. पण त्याच माणसांवर, त्याच काळात, त्याच मोजमापांनी दुसऱ्या औषधाचा गुण दिसला होता. तराजू ठीक होता. पारडे हलले नाही, कारण त्यात वजनच नव्हते. पुढे ही चाचणी लांबवली, तेव्हा 'ई' घेणाऱ्यांत हृदय दुबळे होण्याचे प्रमाण थोडे जास्तच निघाले. सेलेनियम हा शरीरातल्या प्रतिऑक्सिडीकारक विकरांचा घटक. तो गोळीतून वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह अधिक आढळल्याचे एका अमेरिकी चाचणीत २००७ साली दिसून आले. आणि २००९ मध्ये आठ हजारांवर स्त्रियांच्या चाचणीचा निष्कर्ष आला : 'क', 'ई', बीटा कॅरोटीन, कशानेही मधुमेह टळला नाही.

मग तर्क चुकला कुठे? एक कारण हिशेबाचे आहे. 'ई' जीवनसत्त्वाचा एक रेणू एखाददुसऱ्या मूलकाला शांत करतो आणि खर्ची पडतो. रक्तात साखर जास्त असेपर्यंत तंतुकणिकेतून मूलक सतत येतच राहतात. छप्पर गळत असताना खाली वाट्या मांडत बसण्यासारखे हे आहे. छप्पर शाकारणे म्हणजे साखर आटोक्यात ठेवणे, आणि त्याने डोळ्यांची व मूत्रपिंडांची हानी खरोखर कमी होते हे १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या चाचणीने दाखवून दिले आहे. दुसरे कारण पाहण्यांचे. भरपूर भाज्या खाणारा माणूस अनेकदा विडी-सिगारेट कमी ओढतो, चालतो-फिरतो, वजन राखून असतो. त्याच्या प्रकृतीचे श्रेय एकट्या कॅरोटीनला कसे द्यायचे?

तिसरे कारण सर्वांत अनपेक्षित आहे. २००९ मध्ये जर्मनीतील येना येथे मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी सुमारे चाळीस तरुणांकडून चार आठवडे नियमित व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम 'क' आणि ४०० एकक 'ई' दिले. व्यायामाने पेशी इन्सुलिनला अधिक दाद देतात, मधुमेहात व्यायाम सांगतात तो म्हणूनच. गोळ्या न घेणाऱ्यांत हा गुण दिसला. घेणाऱ्यांत दिसला नाही! व्यायाम करताना स्नायूंत मुक्त मूलक तयार होतात, आणि तेच पेशीला सांगावा देतात की बचावाची तयारी वाढव. मग पेशी स्वतःची विकरे अधिक बनवते. गोळीने तो सांगावाच वाटेत अडवला होता. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द अजून बाकी आहे. पण मूलक म्हणजे केवळ शत्रू, ही समजूत तेव्हापासून ढासळली. चेन्नईच्या रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले होते, की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांना रोज अर्धा तास भरभर चालणे आणि आहारातले बदल यांमुळे तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी होतो. त्या चालण्यातही मूलक तयार होत होतेच.

आता थोडे आमच्याच घरातले. प्रयोगशाळांत डीपीपीएच नावाचे जांभळे द्रव्य वापरतात. तो एक टिकाऊ मुक्त मूलक आहे. (शोध १९२२चा. पुन्हा तेच साल!) त्यात प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य घातले की रंग पिवळा होतो. आमच्या अनुभवात पेरूचे पान, डाळिंबाची साल, चहा, हळद, काहीही घाला, रंग जातोच. यावर आपल्याकडे ढिगाने शोधनिबंध निघाले. त्यांत एक आमचाही आहे, आणि त्याच्या शेवटी 'हे पान मधुमेहावर उपयुक्त ठरू शकेल' असे वाक्य आहे. परीक्षानळीतला रंग पाहून आम्ही ते लिहिले. ते पान पोटात गेल्यावर किती पचते, किती रक्तात उतरते, याची एकही नोंद आमच्याजवळ नव्हती. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अशा नळीतल्या मोजमापांचा तक्ता प्रसिद्ध केला होता. लोक त्याचा गैरवापर करतात आणि त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध झालेला नाही, असे सांगून २०१२ मध्ये त्यांनी तो मागे घेतला.

शाळेत आयोडीन आणि मंडाच्या निळ्या द्रावणात आवळ्याचा रस थेंबथेंब टाकून हाच खेळ करता येतो. निळा रंग जातो. मुलांना मग विचारावे, की यावरून आवळ्याबद्दल काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे अधिक येतात असा आमचा अनुभव आहे.

आवळ्याचे नाव घेतले ते उगाच नाही. वाग्भटाने प्रमेहावर आवळा आणि हळद यांची जोडी श्रेष्ठ मानली आहे. १९३६ मध्ये दामोदरन आणि नायर यांनी आवळ्यातील टॅनिन त्यातल्या 'क' जीवनसत्त्वाचे रक्षण करते हे दाखवले होते. पण 'होप'च्या तोलाची, हजारो मधुमेहींची, वर्षानुवर्षांची चाचणी या जोडीची झालेली नाही. शोध थांबलेलाही नाही. लाझारोने उंदरांना दिलेले तेच ग्लुटाथायोन पुणे विद्यापीठ व 'आयसर' येथील संशोधकांनी अडीचशे मधुमेहींपैकी काहींना, त्यांची नेहमीची औषधे चालू ठेवून, सहा महिने दिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत डीएनएची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी कमी झालेली दिसते, आणि पंचावन्न वर्षांवरील रुग्णांत 'एचबीए१सी'ही सुधारलेले. अभ्यास छोटा आहे. डोळे-मूत्रपिंडांचे काय झाले हे सहा महिन्यांत कळत नाही.

बाईंचा पत्ता प्रशिक्षण वर्गाच्या यादीत होता. आम्ही त्यांना हे सारे पत्राने कळवले. डॉक्टरांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नयेत, डब्यातल्या कॅप्सूल डॉक्टरांना दाखवाव्यात, आणि संध्याकाळी दोघांनी चालायला जावे, असे लिहिले. त्यांचे उत्तर आले. कॅप्सूल बंद केल्या होत्या. शेवटी एक प्रश्न होता : "मग आवळा खायचा की नाही?" जरूर खावा, असे आम्ही उलट टपाली कळवले. फक्त कच्चा किंवा मीठ लावून. मोरावळा नको, त्यात आवळ्यापेक्षा साखरच जास्त असते.